च्युइंगमचा रस आणि च्युइंगमचा चोथा: पाकीट वाचायचं कसं

किराणा दुकानात सुटे नसले की दुकानदार बरणीत हात घालतो आणि दोन च्युइंगम आपल्या हातावर ठेवतो. बऱ्याच घरांत च्युइंगम असंच येतं, ठरवून घेतलेलं नसतं. तिथून ते मुलांच्या तोंडात जातं आणि मग प्रश्न सुरू होतात. यात प्लास्टिक असतं म्हणतात, खरं का? हाडांपासून केलेलं काही असतं का? गिळलं तर आतडी चिकटतात का? शुगर-फ्री असेल तर डायबेटिसवाल्याला चालेल ना? मी अन्नतंत्रज्ञान शिकले, त्यामुळे नात्यातले आणि शेजारचे लोक हे प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारत आले आहेत. या लेखात मी उत्तरं तर देणारच आहे, पण त्याहून जास्त मला पाकीट वाचायची रीत सांगायची आहे. ती एकदा हातात आली की पुढचा प्रश्न तुमचा तुम्हीच सोडवाल.

ही रीत उसावरून सांगते. आपण ऊस चावतो, रस पोटात जातो, चोथा थुंकतो. च्युइंगमचंही तसंच आहे. त्यातली साखर किंवा गोडवा आणणारे इतर पदार्थ, रंग, थोडाफार स्वाद हे सगळं लाळेत विरघळून पोटात जातं, तो झाला रस. उरतो तो रबरासारखा गोळा, तो चोथा. पाकिटावरच्या प्रत्येक नावाला पहिला प्रश्न विचारायचा: हे रसात जातं की चोथ्यात? अर्ध्याहून जास्त गोंधळ तिथेच मिटतो.

पहिली पायरी: यादी शोधा, ती रॅपरवर नसेलही

एका गोळीच्या चिमुकल्या रॅपरवर घटकांची यादी बहुधा सापडत नाही. त्यात लपवाछपवी नाही. आपल्याकडच्या नियमांनुसार वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर त्यावर पूर्ण यादी न छापण्याची सूट आहे. मात्र ती माहिती मोठ्या वेष्टनावर, म्हणजे बरणीवर किंवा खोक्यावर, द्यावीच लागते. म्हणून दुकानदाराला सरळ सांगा, "काका, ती बरणी जरा दाखवा." बरणी फिरवा, मागचं लेबल वाचा, अक्षर बारीक असेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. तिथेच एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक आणि तारीखही दिसेल. लेबल फाटलेलं किंवा पुसट झालेलं असेल, तर त्या बरणीतलं लहान मुलांना देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

यादीतल्या नावांच्या क्रमालाही अर्थ असतो. ज्याचं वजन सर्वात जास्त ते नाव आधी येतं. साध्या, गोड च्युइंगममध्ये पहिलं नाव जवळजवळ नेहमी साखरेचं असतं. गम बेस, म्हणजे आपला चोथा, साधारण पाव हिस्सा किंवा थोडा अधिक असतो.

दुसरी पायरी: 'गम बेस' हा शब्द समजून घ्या

यादीतला हा सर्वात झाकलेला शब्द आहे. त्याच्या आत सात-आठ पदार्थ असू शकतात, पण लेबलवर सगळ्यांचं मिळून 'गम बेस' एवढंच लिहिलं तरी चालतं. भारतातच नव्हे, अमेरिकेतही तसंच आहे. ग्राहक म्हणून मला हे पटत नाही. आत काय आहे ते सविस्तर छापायला हवं. ते होईपर्यंत निदान आपल्याला तरी ठाऊक असू दे.

याची सुरुवात चिकूपासून झाली. कच्चट चिकू खाल्ल्यावर ओठांना लागणारा चिकट पांढरा चीक आठवा. चिकूच्या झाडाच्या खोडावर चिरा पाडल्या की तोच चीक वाहतो. मेक्सिकोचा युकातान भाग, ग्वाटेमाला आणि बेलीझ इथल्या जंगलांत हे झाड मूळचं. तिथले लोक हा चीक गोळा करून, आटवून चघळत. मध्य मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत त्याला 'त्सिक्तली' म्हणत, स्पॅनिशमध्ये त्याचं 'चिकले' झालं, आणि आपल्या 'चिकू'चं मूळ तिकडेच आहे. चीक, चिकट आणि चिकू हे शब्द कानाला एका घरचे वाटतात, पण फळाचं नाव समुद्र ओलांडून आलेलं आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या बागा फळासाठी आहेत, चिकासाठी कोणी खोडाला चिरा देत नाही.

१८६०च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोचे हद्दपार झालेले माजी अध्यक्ष सांता अ‍ॅना न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर राहत होते. त्यांच्यामुळे हा चीक थॉमस अ‍ॅडम्स या माणसाच्या हाती आला. अ‍ॅडम्सला त्यापासून स्वस्त रबर करायचं होतं. ते जमलं नाही, तेव्हा त्याने त्याच्या चघळायच्या गोळ्या केल्या, आणि १८७१ साली च्युइंगम बनवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे मागणी इतकी वाढली की झाडं पुरेनात. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक कंपन्या कारखान्यात तयार होणाऱ्या पदार्थांकडे वळल्या.

तर आज चोथ्यात काय असतं? ताण देणारं पॉलिआयसोब्युटिलीन किंवा ब्युटिल रबर, फुगा टिकवणारं पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट, मऊपणासाठी मेण आणि राळेसारखे पदार्थ, भर म्हणून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, किंवा टाल्क. "यात प्लास्टिक असतं का?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'हो' असंच आहे. रसायनशास्त्राच्या अर्थाने हे कृत्रिम बहुवारिक, म्हणजे पॉलिमरच आहेत. ब्युटिल रबराच्या ट्यूब गाड्यांच्या चाकांत असतात, पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात असतं. च्युइंगममध्ये त्यांचे खाद्य दर्जाचे, शुद्ध केलेले प्रकार वापरतात. ते पाण्यात विरघळत नाहीत आणि पचतही नाहीत.

मग चोथा पूर्णपणे चोथाच राहतो का? अगदी तसंही नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ साली एका छोट्या प्राथमिक अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. एक ग्रॅम च्युइंगममधून सरासरी १००च्या आसपास सूक्ष्म प्लास्टिककण लाळेत उतरत होते, आणि बहुतेक कण पहिल्या काही मिनिटांतच. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या च्युइंगममधूनही जवळपास तितकेच कण निघाले. अभ्यास एकाच माणसाच्या लाळेवर केला होता आणि या कणांनी शरीरात काय होतं हे त्यातून कळत नाही. पण एक गोष्ट सहज करता येते: दर दहा मिनिटांनी नवी गोळी तोंडात टाकण्याऐवजी एकच जास्त वेळ चघळा.

इथे एक गैरसमज दूर करते. यादीत 'गम अरेबिक' किंवा ४१४ हा क्रमांक (जोडपदार्थ पाकिटावर अशा क्रमांकांनीही लिहितात) दिसला की काहींना वाटतं तो हाच रबरी गोळा. नाही. तो बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, डिंकाच्या लाडवातल्या डिंकाचा जवळचा नातलग. तो पाण्यात विरघळतो आणि गोळीच्या वरच्या कडक कवचासाठी वापरतात. तो रसात जातो.

तिसरी पायरी: गोडवा कशाचा आहे ते पाहा

रसातला सर्वात मोठा वाटा गोडव्याचा, म्हणून इथे वेळ काढा.

'शुगर-फ्री' म्हणजे १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त नाही. गोडवा मग दोन गटांतून येतो. पहिला गट पॉलिऑलचा: सॉर्बिटॉल (४२०), मॅनिटॉल (४२१), आयसोमाल्ट (९५३), माल्टिटॉल (९६५), झायलिटॉल (९६७). हे साखरेसारखेच गोळीला वजन आणि आकार देतात. यांत कॅलरी असतात, पण कमी: साखरेच्या एका ग्रॅमला ४, तर सॉर्बिटॉलच्या २.६ आणि झायलिटॉलच्या २.४. दुसरा गट तीव्र गोडव्याचा: एसिसल्फेम पोटॅशियम (९५०), अ‍ॅस्पार्टेम (९५१), सुक्रालोज (९५५). अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, सुक्रालोज सुमारे ६०० पट, म्हणून ते अगदी चिमूटभर लागतात.

डायबेटिस असलेल्यांनी दिवसाला एक-दोन शुगर-फ्री गोळ्या चघळल्या तर साखरेवर फारसा फरक पडत नाही. मात्र पॉलिऑलमध्ये माल्टिटॉलने रक्तातली साखर इतरांपेक्षा जास्त वाढते, तेवढं बघून घ्या.

पॉलिऑलचा खरा त्रास पोटाचा आहे. लहान आतड्यात ते पूर्ण शोषले जात नाहीत. पुढे जाऊन पाणी ओढून घेतात आणि तिथल्या जिवाणूंचं खाद्य होतात. परिणाम म्हणजे गॅस, गुडगुड, पातळ शौचाला होणं. पाकिटावर 'पॉलिऑलचा रेचक परिणाम होऊ शकतो' अशी सूचना असते ती यामुळेच. २००८ साली बर्लिनच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सतत जुलाब, वजन भराभर उतरलेलं, सगळ्या तपासण्या करून झाल्या. शेवटी कळलं की दोघंही रोज सोळा-वीस शुगर-फ्री च्युइंगम खात होते, एक जण सॉर्बिटॉलच्या गोळ्या-मिठाईही. एकूण दिवसाला साधारण २०-३० ग्रॅम सॉर्बिटॉल पोटात जात होतं. ते बंद केलं आणि दोघं बरे झाले. तुमच्या ओळखीत कोणाचं पोट विनाकारण बिघडत असेल आणि खिशात कायम शुगर-फ्रीचं पाकीट असेल, तर आधी आठवडाभर ते बंद करून बघायला सांगा.

अ‍ॅस्पार्टेमबद्दल २०२३च्या जुलैत बरीच घबराट पसरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला '२ब' गटात, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता, पुरावा मर्यादित' अशा वर्गात टाकलं. त्याच वेळी अन्नातल्या जोडपदार्थांच्या तज्ज्ञ समितीने रोजची सुरक्षित मर्यादा होती तीच कायम ठेवली: शरीराच्या दर किलो वजनाला ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ती २,४०० मिलिग्रॅम होते. च्युइंगमच्या एका गोळीत अ‍ॅस्पार्टेम काही मिलिग्रॅमच असतं. मी स्वतः यावरून झोप उडवून घेत नाही. एका आजारात मात्र अ‍ॅस्पार्टेम कटाक्षाने टाळावं लागतं. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात विकारात शरीराला फिनाइलअ‍ॅलनिन हाताळता येत नाही आणि अ‍ॅस्पार्टेममधून तेच मिळतं. म्हणून त्या पाकिटावर वेगळा इशारा छापलेला असतो.

चौथी पायरी: हिरवा ठिपका, आणि त्याच्या पलीकडे

चौकोनात हिरवा भरीव गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. जुन्या वेष्टनांवर त्रिकोणाऐवजी तपकिरी गोल दिसायचा. प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होणारं जिलेटिन घातलं असेल तर हिरवा ठिपका देता येत नाही. इतकं बहुतेकांना पुरतं.

पण जैन घरांतून आणि व्हीगन झालेल्या तरुणांकडून पुढचा प्रश्न येतो, आणि तो अगदी रास्त आहे. आपल्या नियमात 'मांसाहारी'ची व्याख्या करताना दूध, मध, मधमाशीचं मेण आणि लाख यांना वगळलं आहे. म्हणजे गोळीला चकाकी यावी म्हणून मधमाशीचं मेण (९०१) किंवा लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख (९०४) वापरली, तरी ठिपका हिरवाच राहतो. हे ज्यांना चालत नाही त्यांनी ठिपक्यावर न थांबता क्रमांक वाचावेत. ९०३ दिसलं तर निर्धास्त राहा, ते कार्नोबा मेण, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. ग्लिसरीन (४२२) वनस्पतींचं की प्राण्यांचं हे क्रमांकावरून कळत नाही, तिथे हिरव्या ठिपक्याचाच आधार. परदेशातून कोणी पाकिटं आणली तर त्यावर आपला ठिपका नसतो. तिथे जिलेटिन आणि १२० हा क्रमांक, म्हणजे कोचिनील किड्याचा लाल रंग, शोधा. दात मजबूत करण्याच्या दाव्याच्या काही परदेशी च्युइंगममध्ये दुधातल्या केसीनपासून केलेला घटक असतो. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी त्यापासून लांब राहावं.

पाचवी पायरी: उरलेले क्रमांक भराभर

३२० आणि ३२१ म्हणजे बीएचए आणि बीएचटी, गम बेस खवट होऊ नये म्हणून घातलेले. ३२२ लेसिथिन, बहुधा सोयाचं. १०२ आणि १३३ हे पिवळा आणि निळा रंग. १७१ म्हणजे टायटेनियम डायऑक्साइड, गोळी पांढरीशुभ्र दिसावी म्हणून. यावर जरा थांबा: त्यामुळे पेशींतल्या जनुकीय द्रव्याला धोका नाही असं खात्रीने म्हणता येत नाही, हे कारण देऊन युरोपीय संघाने २०२२ साली त्याचा अन्नातला वापर बंद केला. भारतात परवानगी आहे. त्याचं काम फक्त दिसण्याचं, म्हणून मुलांसाठी घेताना मी १७१ नसलेलं शोधते. तसं सापडतंही.

आता नेहमीचे प्रश्न

*गिळलं तर?* आतडी चिकटत नाहीत, आणि ते सात वर्षं पोटात राहतही नाही. पचत नाही, पण शेंगेच्या टरफलासारखं पुढे सरकत दोन-तीन दिवसांत शौचावाटे बाहेर पडतं. लहान मुलं रोज अनेक गोळ्या गिळत राहिली तर त्यांचा गठ्ठा होऊन आतड्यात अडकल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. पोट दुखणं, उलट्या आणि शौच बंद असं एकत्र दिसलं तर डॉक्टरांकडे जा. चुकून एकदा गिळलं असेल तर मुलाला रागावू नका, घाबरवू तर अजिबात नका.

*कितव्या वर्षापासून द्यायचं?* चार वर्षांच्या आत नाहीच. भीती पोटाची नाही, घशाची आहे; मऊ, चिकट गोळा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यानंतरही, 'चावायचं, गिळायचं नाही' हे मुलाला कळतं का ते पाहूनच. पळताना, खेळताना, झोपताना तोंडात असू नये.

*दातांना चांगलं की वाईट?* साखरेचं असेल तर वाईट, कारण साखर बराच वेळ दातांवर फिरत राहते. शुगर-फ्री असेल तर जेवणानंतर वीस मिनिटं चघळल्याने लाळ वाढते आणि दातांवरचं आम्ल कमी होतं. युरोपात कंपन्यांना एवढा दावा करायला मान्यता आहे. ब्रशचं काम ते करत नाही. कानापाशी जबडा दुखत असेल किंवा कटकट वाजत असेल तर सोडून द्या.

*चव इतक्या लवकर का जाते?* खरं तर गोडवा जातो, पुदिना बराचसा चोथ्यातच राहिलेला असतो. गोडवा गेला की पुदिन्याचा स्वादही मंद वाटू लागतो. चव गेलेलं च्युइंगम चघळताना जिभेवर चिमूटभर साखर टाकून पाहा, पुदिना परत येईल.

*रक्ततपासणीच्या आधी?* उपाशीपोटी तपासणी असेल तर च्युइंगमही नको, शुगर-फ्रीसुद्धा. शस्त्रक्रियेआधी भूल द्यायची असेल आणि चुकून चघळलं असेल तर डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रियेनंतर मात्र, विशेषतः सिझेरियननंतर, आतड्यांची हालचाल लवकर सुरू व्हावी म्हणून डॉक्टरच कधी कधी च्युइंगम चघळायला सांगतात. त्याचं नवल वाटून घेऊ नका.

*तंबाखू सोडायचं निकोटिनचं च्युइंगम?* तिथे रस-चोथ्याचा नियम उलटा होतो. रस गिळायचा नसतो. दोन-चार वेळा हळू चावायचं, जीभ झणझणली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झणझण थांबली की पुन्हा चावायचं. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. साध्या च्युइंगमसारखं भराभर चावलं तर उचकी लागते, मळमळतं, आणि लोक "मला सोसत नाही" म्हणून पुन्हा तंबाखूकडे वळतात. माझ्या डोळ्यांसमोर असं झालेलं आहे आणि त्याचं फार वाईट वाटतं. ते २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतं. आपल्याला कोणतं, हे डॉक्टरांना विचारा. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ते ठेवू नका.

*घरात कुत्रा आहे?* मग पुढचं नीट वाचा. ९६७, झायलिटॉल, माणसाला चालतं, कुत्र्याला ते विष आहे. त्याच्या शरीरात इन्सुलिन एकदम वाढतं आणि तासाभराच्या आत साखर धोकादायक खाली येऊ शकते. पुढे यकृत निकामी होऊ शकतं. सुस्ती, लडखडणं, उलटी, झटके यांची वाट पाहू नका. पाकीट फाडलेलं दिसलं की कुत्र्याला आणि त्या पाकिटाला घेऊन थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे निघा. झायलिटॉलचं पाकीट पर्समध्ये किंवा टेबलावर उघडं ठेवू नका.

शेवटची पायरी: चोथ्याचं काय करायचं

तो कुजत नाही, म्हणून ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टच्या डब्यात टाकू नका. त्याच्याच रॅपरमध्ये गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. रॅपर जपून ठेवायची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावा, बाकाखाली चिकटवायची वेळच येणार नाही. सिंगापूरला सहलीला जाणार असाल तर पाकिटं बॅगेतून आधीच काढा. मेट्रो गाड्यांच्या दारांवर आणि सार्वजनिक जागी लोक च्युइंगम चिकटवू लागले म्हणून १९९२ साली तिथे त्याच्या आयातीवर बंदी आली. २००४पासून फक्त औषधी आणि दातांसाठीच्या च्युइंगमला सवलत आहे.

कपड्याला चिकटलं तर त्यावर बर्फ घासा. कडक झालं की बोथट सुरीने खरवडून निघतं. केसांत अडकलं तर कात्री घेऊ नका. खोबरेल तेल कोमट करून त्या गाठीवर चोळा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून सोडवत या. चोथा पाण्याला दाद देत नाही, पण तेलात मऊ होतो. खात्री करून घ्यायची असेल तर च्युइंगम चघळताना मूठभर भाजलेले शेंगदाणे तोंडात टाका: दाण्यांच्या तेलाने मिनिटभरात त्याचा लगदा होऊन तुकडे पडतील. मग मात्र तो लगदा गिळू नका, थुंका.